माहिती सुरक्षा: काउंटरवर आणि प्रशिक्षणात हमखास विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळते. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं आणि घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने आलेला सभासदही शेवटी माझ्याच टेबलापाशी येतो. तिथे बहुतेक वेळा एकाच गोष्टीपाशी अडतं. काय झालंय ते सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात. ‘मॅडम, हॅक झालं’ एवढंच तो म्हणतो आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं नेमकं काय झालं ते उकरून काढण्यात जातात. पैसे परत मिळण्याची सगळ्यात जास्त शक्यता त्याच मिनिटांत असते. म्हणून हे शब्द इथे उलगडून सांगते आहे.

‘माहिती सुरक्षा’ आणि ‘सायबर सुरक्षा’ एकच का?

नाही. माहिती कागदावर असो, फोनमध्ये असो की माणसाच्या डोक्यात, तिची राखण म्हणजे माहिती सुरक्षा. त्यातला संगणक, मोबाइल आणि नेटवर्कपुरता भाग म्हणजे सायबर सुरक्षा. मागे एकदा बसस्टँडवर भेळ घेतली, तर पुड्याचा कागद म्हणजे कुणाच्या तरी पगाराचा दाखला निघाला. नाव, पॅन, बँक खात्याचा क्रमांक, सगळं तेलाच्या डागाखालीही स्वच्छ वाचता येत होतं. यात ना संगणक होता ना हॅकर. कुठल्यातरी कार्यालयाची रद्दी न फाडता विकली गेली होती, इतकंच. आमच्याकडे जुने अर्ज कापायचं यंत्र त्यानंतरच आलं.

गोपनीयता, अखंडता, उपलब्धता हे तीन शब्द सगळीकडे दिसतात. त्यांचा अर्थ काय?

माहिती सुरक्षेचा सगळा डोलारा या तिघांवर उभा आहे. ज्याचा हक्क आहे त्यालाच माहिती दिसणं म्हणजे गोपनीयता. ती परस्पर कुणी बदललेली नसणं म्हणजे अखंडता. आणि लागेल तेव्हा ती हाताशी असणं म्हणजे उपलब्धता.

लोकांच्या मनात फक्त पहिली असते. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे ती अखंडता. समजा एखाद्याच्या खात्यातली ५२,००० ची शिल्लक कुणी ५,२०० केली. गुपित काहीच फुटलं नाही, संगणकही चालू आहे, तरी माणूस बुडाला. आपल्या जुन्या हिशेबनिसांना हे पक्कं ठाऊक होतं. रोजकीर्दीत आकडा चुकला तर तो गिरवायचा नाही, खोडरबर लावायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. मूळ आकडा वाचता आलाच पाहिजे.

याहून जुनं उदाहरण शिवकालीन पत्रांचं आहे. पत्राच्या माथ्यावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही राजमुद्रा असे आणि मजकूर संपला की शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा. पत्राची मर्यादा इथे संपली, याखाली कुणी काही घुसडलं तर ते पत्रातलं नव्हे. वरची मुद्रा पत्र कुणाचं ते सांगते, खालची त्यात भर पडलेली नाही हे सांगते. आज डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामं एकटी करते. तुमच्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असतो तो याचसाठी. हातातल्या कागदावरचा मजकूर आणि सरकारदरबारची नोंद एकच आहे ना, ते तपासून घेता येतं.

उपलब्धतेचं महत्त्व पेन्शनच्या दिवशी कळतं. सकाळी दहाला सर्व्हर बसला की रांगेतल्या आजोबांना तुमची गोपनीयता किती भक्कम आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

धोका, उणीव आणि जोखीम यांत फरक काय?

पावसाळ्यात कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. पाऊस हा धोका. फुटलेलं कौल ही उणीव. त्या कौलाच्या बरोब्बर खाली धान्याचं पोतं ठेवलंय की रिकामी बादली, यावर जोखीम ठरते. पाऊस आपल्या हातात नाही. कौल बदलणं आणि पोतं हलवणं आपल्या हातात आहे.

संगणकातलं फुटकं कौल बदलण्यालाच पॅच किंवा अपडेट म्हणतात. विंडोजमधली एक मोठी उणीव बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता. १२ मे ला वॉनाक्राय हे फाइली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं आणि त्याच उणिवेतून दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरलं. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध घरात येऊन दोन महिने होत आले होते. म्हणून अपडेटच्या चौकटीवर ‘नंतर’ दाबणाऱ्या प्रत्येकाला मी ही दोन तारखांची गोष्ट सांगते.

ज्या उणिवेचा पॅच अजून निघालेलाच नाही आणि चोराला मात्र ती सापडली आहे, तिला झीरो-डे म्हणतात.

ओळख पटवणं आणि अधिकार देणं वेगळं कसं?

तुम्ही कोण ते सिद्ध करणं म्हणजे ओळख पटवणं. आत आल्यावर काय काय करू शकता, ते म्हणजे अधिकार. कॅशियर लॉगिन करू शकतो, म्हणून तो कर्ज मंजूर करू शकत नाही. ज्याला कामापुरतं जेवढं लागतं तेवढंच द्यावं, हे या क्षेत्रातलं सर्वांत शहाणं तत्त्व आहे. तिजोरीची एक किल्ली कॅशियरकडे आणि दुसरी मॅनेजरकडे असते, सॉफ्टवेअरमध्ये नोंद करणारा मेकर आणि तपासून पुढे पाठवणारा चेकर वेगळा असतो, ते यामुळेच.

तिसरा शब्द लॉग, म्हणजे कुणी केव्हा काय केलं त्याची आपोआप होणारी नोंद. एका शाखेत चेकरचा पासवर्ड टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला मला सापडला होता. साहेब रजेवर गेले की काम अडू नये म्हणून ही सोय. हेतू चांगला होता. पण त्या चिठ्ठीने दोन किल्ल्यांची एक किल्ली झाली आणि लॉगमध्ये साहेबांच्या नावापुढे नेमका कुणाचा हात आहे, हे सांगण्याचा मार्गच उरला नाही. उद्या काही घडलं असतं तर रजेवर असलेला निर्दोष माणूस अडकला असता. पासवर्ड न सांगणं म्हणजे सहकाऱ्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. त्यात दोघांचंही संरक्षण आहे.

पासवर्ड कसा असावा?

लांब. चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबी जास्त कामाची. फक्त इंग्रजीतली छोटी अक्षरं घेतली तर आठ अक्षरांच्या जुळण्या सुमारे २० हजार ८०० कोटी होतात. ऐकायला प्रचंड वाटतं, पण संगणकासाठी हा आकडा किरकोळ आहे. सोळा अक्षरं घेतलीत की त्या संख्येला तेवढ्याच संख्येने गुणायचं. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, खलबत्ता, तिकीट, वारूळ, सायकल असे. हेच घेऊ नका, आता ते सगळ्यांनी वाचलेत. आरतीची ओळ, मुलाचं नाव, गाडीचा नंबर टाळा.

दुसरी गोष्ट, एकच पासवर्ड सगळीकडे नको. कुठल्यातरी खरेदीच्या वेबसाइटवरून तो फुटतो आणि चोर तोच तुमच्या ईमेलवर लावून बघतो. ईमेल हातात गेलं की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. म्हणून ईमेलचा पासवर्ड सर्वांत वेगळा ठेवा. लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड कुलपात जपून ठेवणारं अ‍ॅप, वापरा. आमच्या एक निवृत्त शिक्षिका वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही, परदेशातल्या चोराचा हात त्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

ओटीपी, पिन, अंगठा हे सगळं कशाला? एक पुरत नाही का?

ओळख तीन तऱ्हांनी पटवता येते: तुम्हाला ठाऊक असलेलं काही (पासवर्ड, पिन), तुमच्याजवळ असलेलं काही (सिमकार्ड, एटीएम कार्ड), आणि तुमच्या शरीराचं काही (बोटाचा ठसा, चेहरा). यांतल्या दोन वेगळ्या तऱ्हा एकत्र मागितल्या की ती दोन टप्प्यांची पडताळणी. दोन पासवर्ड मागणं म्हणजे दोन टप्पे नव्हेत, कारण तऱ्हा एकच.

यूपीआय पिनबद्दल एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं समोरचा म्हणाला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

एन्क्रिप्शन म्हणजे नेमकं काय? आणि हॅश?

मजकुराचं अशा गोळ्यात रूपांतर करायचं की किल्ली असलेल्यालाच तो परत वाचता यावा, हे एन्क्रिप्शन. मराठीत कूटबद्धीकरण म्हणतात. पुष्कळांना वाटतं की पद्धत गुप्त ठेवली म्हणजे झालं. एका प्रशिक्षणात कुणी विचारलंही होतं, ‘मोडीत लिहून ठेवलं तर?’ मोडी ही लिपी आहे, कुलूप नव्हे. जो शिकला तो वाचणार. गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आज जगभर वापरली जाणारी एईएस पद्धत २००१ पासून सर्वांसाठी खुली छापलेली आहे, तरी किल्लीवाचून ती कुणाला उघडत नाही.

कुलूप लावायला आणि उघडायला एकच किल्ली असेल, तर ती दूरच्या माणसाकडे पोहोचवायची कशी, हा जुना पेच होता. १९७६-७७ च्या सुमारास दोन किल्ल्यांची पद्धत जगापुढे आली. टपालपेटीसारखी. पत्र कुणीही टाकू शकतं, पेटी मात्र पोस्टमनच उघडतो.

हॅश वेगळा. त्यात परतीचा रस्ताच नाही. गहू दळून पीठ होतं, पिठाचे गहू होत नाहीत, तसं. नीट बांधलेल्या यंत्रणेत तुमचा पासवर्ड साठवलेला नसतो, त्याचं पीठ साठवलेलं असतं. तुम्ही पासवर्ड टाकलात की तो पुन्हा दळून दोन्ही पिठं ताडून बघायची. दोघांचे पासवर्ड एकच असले तरी पीठ सारखं दिसू नये म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट टाकतात, तिला इंग्रजीतही मीठच म्हणतात. यावरून एक खूण लक्षात ठेवा. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखाद्या वेबसाइटने तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा ईमेलने पाठवला, तर त्यांनी तो दळलेला नाही. तिथे महत्त्वाचं काही ठेवू नका.

वेबसाइटच्या पत्त्यापाशी कुलूप दिसलं, म्हणजे ती खरी का?

नाही. तुमचा फोन आणि ती वेबसाइट यांच्यामधल्या वाटेवर कुणी डोकावू शकत नाही, एवढंच कुलूप सांगतं. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. चोरही आपल्या बनावट साइटला कुलूप लावतो. हा गैरसमज इतका पसरला की क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

बँकांपुरती मात्र आता चांगली खूण आहे. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना आपले पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाखाली न्यायला सांगितलं. हे शेपूट ऐऱ्यागैऱ्याला विकत मिळत नाही. पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावा. खरा मालक शेवटाकडे कळतो.

व्हायरस, वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर: सगळे व्हायरसच ना?

सगळ्यांचं सामाईक नाव मालवेअर. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. वर्म स्वतःच्या पायांनी संगणकातून संगणकात जातो. ट्रोजन कामाची वस्तू असल्याचं सोंग घेऊन येतो आणि तुम्ही स्वतः त्याला दार उघडता. रॅन्समवेअर तुमच्या फाइलींना स्वतःचं कुलूप लावून खंडणी मागतं.

आपल्याकडे सध्या धुमाकूळ आहे तो ट्रोजनचा. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरावरून ‘लग्नाला यायचं हं’ असा निरोप येतो आणि खाली पत्रिका असते. नीट बघितलं तर त्या फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं. फोटोच्या शेवटी जेपीजी असतं, कागदाच्या शेवटी पीडीएफ. एपीके म्हणजे अ‍ॅप. पत्रिका कधी अ‍ॅप नसते, आणि वाहतुकीचं चलनही नसतं. ते उघडून ‘परवानगी द्या’ दाबलं की तुमचे एसएमएस तो वाचू लागतो, म्हणजे ओटीपी गेलाच. शिवाय तीच पत्रिका तुमच्या नावाने पुढे सगळ्या नातेवाइकांना जाते. असं झालं तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

फिशिंग म्हणजे काय? शिकलेली माणसंही कशी फसतात?

विश्वासातल्या कुणाचं सोंग घेऊन तुमच्याकडूनच माहिती किंवा पैसे काढून घेणं म्हणजे फिशिंग. फोनवरून केलं तर विशिंग, एसएमएसने केलं तर स्मिशिंग. यंत्राऐवजी माणसाच्या मनाशी खेळण्याच्या या सगळ्या प्रकाराला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात.

‘मागील बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊला वीज खंडित होईल, अधिकाऱ्याला फोन करा’ हा एसएमएस आठवतो? त्यात चार गोष्टी एकदम आहेत: अधिकार, भीती, घाई आणि ‘फोन करा’ असा सोपा रस्ता. घरात आजारी माणूस असेल, मुलीची दहावी असेल, तर हात आपोआप फोनकडे जातो. शिक्षणाचा यात संबंध नाही. भीती आणि घाई एकत्र आली की माणूस विचार करायचा थांबतो, तो डॉक्टर असो की प्राध्यापक. ‘डिजिटल अरेस्ट’ याचीच मोठी आवृत्ती. भारतीय कायद्यात डिजिटल अटक असा प्रकारच नाही. कुठलाही पोलीस अधिकारी वा न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर तुम्हाला खोलीत बसवून ठेवत नाही आणि चौकशीसाठी पैसे मागत नाही.

फसलेल्याला ‘तुम्हाला एवढंही कळलं नाही?’ असं म्हणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. एक सभासद काका चौथ्या दिवशी आले होते. तीन दिवस त्यांनी घरात सांगितलं नाही, कारण मुलगा रागावेल. पैसे पहिल्या दिवशी एका खात्यात होते, चौथ्या दिवसापर्यंत ते कुठल्या कुठे पसरले होते.

‘माझं फेसबुक हॅक झालं’ म्हणजे काय झालं?

बहुतेक वेळा हॅक झालेलंच नसतं. कुणीतरी तुमचा फोटो आणि नाव घेऊन दुसरं खातं उघडलेलं असतं. त्याला तोतया खातं म्हणा. तुमच्या खात्यात कुणी शिरलेलं नाही, पासवर्ड बदलून उपयोग नाही, त्या खोट्या खात्याची तक्रार करायला हवी. खरोखर कुणी आत शिरलं असेल तर उपाय वेगळा: पासवर्ड बदला, बाकी सगळ्या उपकरणांतून लॉगआउट करा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. आणि सिमकार्ड अचानक बंद पडलं, रेंज परतच येत नाही, तर तिसरीच शंका घ्या. कुणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं असेल. अशा वेळी मोबाइल कंपनीला आणि बँकेला, दोघांनाही तत्काळ कळवायचं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेत काय घडलं होतं?

प्रशिक्षणात हा प्रश्न दर वेळी येतो. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘याच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?’ असा प्रश्न स्विच नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत जातो. चोरांनी मालवेअरच्या साहाय्याने मध्ये एक खोटा स्विच उभा केला. तो प्रश्न पुढे जाऊच देत नव्हता, स्वतःच ‘मंजूर’ म्हणत होता. क्लोन केलेली, म्हणजे हुबेहूब नक्कल केलेली कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमवर माणसं उभी होती. भारतातही पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्फत, म्हणजे बँकांमधल्या परदेशी व्यवहारांचे निरोप पोहोचवणाऱ्या यंत्रणेतून, आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण रक्कम ९४ कोटींवर. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली.

यात मोडली ती प्रामुख्याने अखंडता. ‘मंजूर’ हा निरोप खऱ्या ठिकाणाहून आलेला नव्हता, म्हणजे मुद्रा खोटी होती. आणि दिवस शनिवारचा, पुढे रविवार. आमच्याकडे तेव्हापासून सुट्टीच्या दिवशीही लॉगवर एक जण नजर ठेवतो.

बॅकअप घेतलाय, आता निर्धास्त राहू का?

कुठे ठेवलाय त्यावर आहे. संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर असेल तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावेल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, असा जुना नियम आहे. त्यात मी एक भर घालते: एक प्रत कुठल्याही वायरला जोडलेली नसावी.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं. त्यांचं आपल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही त्यात सापडलं. नेटवर्कवर कुणाला कुठला अधिकार आहे ते सांभाळणारे त्यांचे जगभरचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते, त्यामुळे वेगळा बॅकअप कुणी ठेवलेला नव्हता. सगळे एकदम गेले. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका प्रतीवरून कंपनी उभी राहिली आणि सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवले गेले.

आणि वर्षातून दोनदा तरी बॅकअप खरोखर उतरवून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वाचलेलं मृत्युपत्र.

फायरवॉल आणि अँटीव्हायरस एकच का?

फायरवॉल हा वेशीवरचा पहारेकरी, कुणाला आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा. अँटीव्हायरस घरात फिरून संशयित वस्तू शोधतो. दोन्ही हवेत.

आधारची झेरॉक्स देताना काय बघावं?

शक्य तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं झाकलेलं आधार द्या, ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर मिळतं. प्रतीवर तारीख आणि ‘फक्त अमुक कामासाठी’ असं मजकुरावर आडवं लिहून सही करा. बोटांचे ठसे तिथूनच कुलूपबंद करता येतात, वापरायचे असतील तेव्हा उघडता येतात. प्रिंटसाठी झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलंत, तर तिथून उठण्याआधी स्वतःच्या फोनवर ‘जोडलेली उपकरणं’ बघून लॉगआउट करा. हे मी आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगते.

पैसे गेले. आत्ता, या क्षणी काय करू?

१९३० लावा. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा देशभरचा क्रमांक आहे. लागला नाही तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला बँकेत फोन करायला सांगा. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवता यावेत, यासाठी ही धावपळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँकांना हेही घालून दिलं की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असले तरी, त्याने बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

फोनवर हे सांगा: कुठल्या बँकेतून गेले, किती वाजता, किती रक्कम, यूपीआयने की कार्डाने, आणि व्यवहार क्रमांक. यूपीआयचा तो क्रमांक १२ अंकी असतो, अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मग एका वाक्यात प्रकार सांगा. ‘हॅक झालं’ नको. ‘बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला आणि मी ओटीपी सांगितला’, किंवा ‘पत्रिका म्हणून आलेली एपीके उघडली’. चोराचे निरोप, नंबर काहीच पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. एपीके उघडली असेल तर फोन लगेच रिसेट करू नका, इंटरनेट बंद करून तसाच पोलिसांना दाखवा.